अमेरिकेतून पुण्याला: वूडवर्किंगची कोणती यंत्रे आणायची, कोणती विकायची?

सागवानी_मन (धागाकर्ता)

न्यू जर्सीहून पुण्याला कायमचे परतणे ठरले आहे. कंटेनरमध्ये जागा आहे, पण सगळेच भरण्यात अर्थ दिसत नाही. यादी अशी:

फेस्टूल टीएस ५५ ट्रॅक सॉ (रेलवरून सरकवत सरळ कापायची करवत) आणि १४०० मिमीचे दोन रेल, डोमिनो डीएफ ५०० (सांध्यातल्या कुसूसाठी खाच पाडणारे यंत्र), ईटीएस ईसी १५० सँडर, ओएफ १४०० राऊटर (खाचा आणि कडा कोरणारे यंत्र), सीटी २६ डस्ट एक्स्ट्रॅक्टर (भुसा ओढणारा). सॉस्टॉपचा पावणेदोन एचपीचा टेबल सॉ. डीवॉल्टचा १३ इंची थिकनेस प्लेनर. १४ इंची बँड सॉ, पावणेदोन एचपी. मकिताचे १८ व्होल्टचे ड्रिल आणि इम्पॅक्ट, सहा बॅटऱ्या. वीजेवरचे सगळे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

पुण्यात तळमजल्यावर २०० चौरस फुटांची जागा आहे, सिंगल फेज. काम फर्निचरचे: सागवान आणि प्लाय दोन्ही. एक मोठा ट्रान्सफॉर्मर घेऊन सगळे चालवावे, की विकून तिकडे नवे घ्यावे?

---

वाइंडिंगवाला

ब्रँड बाजूला ठेवा आणि प्रत्येक यंत्राच्या मोटरची पाटी वाचा. निर्णय तिथेच होतो. मोटरचे तीन प्रकार समजून घ्या.

पहिला, कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटर: ट्रॅक सॉ, राऊटर, डोमिनो, प्लेनर. हिला ५० काय नि ६० काय, फरक पडत नाही. व्होल्टेज मात्र बरोबर हवे. म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर ही यंत्रे व्यवस्थित चालतात.

दुसरा, ब्रशलेस. तुमचा ईसी सँडर या जातीचा. आत आधी एसीचे डीसी होते, त्यामुळे इथेही हर्ट्झचा प्रश्न नाही, पण इलेक्ट्रॉनिक्स नाजूक. याला शुद्ध साइन वेव्ह द्या. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळणारे '१६०० वॅट कन्व्हर्टर' म्हणजे आत एक थायरिस्टर असतो, तो वेव्ह कापून देतो. हलक्या हिटरला चालेल; सँडरचे कार्ड (सर्किट बोर्ड) त्याने जाईल.

तिसरा, इंडक्शन मोटर: टेबल सॉ आणि बँड सॉ. इथेच लोक फसतात, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. ६० हर्ट्झची मोटर ५० वर टाकली की वेग सहाव्या हिश्शाने उतरतो: ३४५० ची २८७५, १७२५ ची साधारण १४४०. वेग उतरला एवढेच असते तर चालवून घेतले असते. पण व्होल्ट भागिले हर्ट्झ हे गणित बिघडते. १२० भागिले ६० म्हणजे २. १२० भागिले ५० म्हणजे २.४. लोखंडात २० टक्के जास्त फ्लक्स (चुंबकीय प्रवाह), तो सॅच्युरेट होतो, मोटर रिकामी फिरतानाच तापायला लागते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पाटीवर लिहिलेली नसते. कपॅसिटर-स्टार्ट मोटरमध्ये सेंट्रिफ्युगल स्विच असतो. तो पूर्ण वेगाच्या साधारण पाऊण ते ऐंशी टक्क्यांवर उघडून स्टार्ट वाइंडिंग तोडतो. ६० हर्ट्झच्या चार पोल मोटरमध्ये हा आकडा १३५० च्या आसपास येतो. ५० हर्ट्झवर मोटरची मजलच १४४० ची. सकाळी व्होल्टेज कमी, बेल्ट कडक, पाते लाकडाला टेकलेले, अशा वेळी ती १३५० गाठतच नाही. स्विच उघडतच नाही आणि काही सेकंदांसाठी बनवलेले स्टार्ट वाइंडिंग सतत करंट खात बसते. आधी कपॅसिटर फुटतो, मग वाइंडिंगचा वास येतो.

---

रंधा_आणि_पटाशी

वरच्या प्रतिसादाला +१. त्या हिशेबाने यादीवर माझे मत.

डोमिनो आणा. डोळे मिटून. ४२० वॅटचे यंत्र, एक केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर त्याला पुरून उरतो आणि तो एका हाताने उचलता येतो. सोबत ५, ६, ८ आणि १० मिमीचे कटर आणा. बीचचे कुसू (त्यालाच ते टेनन म्हणतात) पोतेभर आणायची गरज नाही. सागाच्या किंवा साल लाकडाच्या पट्ट्या जाडीला नेमक्या रंधून कडा गोल केल्या की घरीच होतात. फक्त पट्टी ओल्या लाकडाची नको, आकसली की सांधा ढिला.

सँडर आणा, तोही त्याच एक केव्हीएवर चालेल. दोन्ही यंत्रे एका वेळी चालवत नाहीच कोणी.

ट्रॅक सॉ विका, पण रेल आणा. रेलला व्होल्टेज नसते! मकिताचा एसपी ६००० भारतात २३० व्होल्टमध्ये मिळतो, १६५ मिमीचे पाते, आणि तो फेस्टूलच्या रेलवर बसतो. दोन गोष्टी करा: बेसचे कॅम फिरवून रेलवरचा खेळ काढा, आणि रेलची काळी स्प्लिंटर पट्टी तपासा. जुन्या सॉने ती एका रेषेवर कापलेली असते. नव्याचे पाते केसभर आत असेल तर पट्टी पुन्हा आपोआप कापली जाईल. बाहेर असेल तर फट राहते आणि सनमायकाचे टवके उडतात. मग पट्टी नवी लावायची. आणखी, मकिताचा तिरक्या कापातला अँटी-टिल्ट ओठ फक्त मकिताच्या रेलमध्ये अडकतो. ४५ अंशांत कापताना सॉ हाताने दाबून धरा, नाहीतर रेलवरून कलंडतो.

प्लेनर विका. १५ अँपियर म्हणजे १८०० वॅट, त्याला तीन केव्हीएचे धूड लागेल. सागाची फळी पुण्याच्या टिंबर मार्केटमध्येच रंधून मिळते. शेवटचा हात घरी जॅक प्लेनने मारा.

राऊटरबद्दल मी काठावर आहे. १४०० वॅट, दोन केव्हीएच्या खाली नको.

---

भुसाभुस

राऊटरबाबत माझे मत आणण्याकडे, आणि कारण वॅट नाही, कोलेट (बिट धरणारी चिमट) आहे. अमेरिकन ओएफ १४०० सोबत पाव आणि अर्ध्या इंचाचे कोलेट येतात. इथल्या बाजारात बिट बहुतेक याच दोन शँकचे (दांड्याच्या मापाचे), थोडे ६ आणि १२ मिमीचे. म्हणजे बिटांचा सगळा साठा इथे कामाला येतो. ८ मिमीचे कोलेट असेल तर तेही ठेवा, चांगले जर्मन बिट त्या शँकमध्ये असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ६ मिमीचे बिट पाव इंची कोलेटमध्ये कधीही आवळू नका. घट्ट वाटते, पण धरलेले नसते. बिट चालता चालता खाली सरकते आणि खाच खोल होत जाते, आणि ते कळते शेवटी, फळी उलटी केल्यावर.

एक्स्ट्रॅक्टर मात्र अजिबात आणू नका. १२० व्होल्टच्या सीटीच्या पोटातल्या सॉकेटमधून यंत्रालाही १२० व्होल्टच जातो. म्हणजे एक्स्ट्रॅक्टरचे सुमारे हजार वॅट आणि सॉचे बाराशे, दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर. चार केव्हीएशिवाय भागणार नाही. भुसा ओढायच्या पंख्यासाठी एवढे तांबे कोण विकत घेते? २३० चा इथे घ्या, २७ मिमीचा होज मात्र तिकडचा आणा.

डोमिनो बिनएक्स्ट्रॅक्टरचा चालवू नका. भुसा खाचेतच दाबला जातो, खोली २० ऐवजी १८ भरते, कुसू ठोकल्यावर सांधा मिटत नाही. मग लोक क्लॅम्प आवळतात आणि प्लायला आतून फुगवटा येतो.

---

सागवानी_मन

हे फार कामाचे आहे, धन्यवाद. दोन शंका.

१. एक्स्ट्रॅक्टर २३० चा आणि डोमिनो ट्रान्सफॉर्मरवर, तर ऑटो-स्टार्टचे (यंत्र चालू केले की एक्स्ट्रॅक्टर आपोआप चालू होण्याचे) काय? ट्रान्सफॉर्मरच एक्स्ट्रॅक्टरच्या सॉकेटमध्ये लावला तर?

२. सॉस्टॉप सोडवत नाही. बोट वाचवणारा सॉ आहे. त्याचे काहीच होणार नाही का?

---

वाइंडिंगवाला

१. लावून पाहता येईल, पण ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही मॅग्नेटायझिंग करंट ओढतो. साध्या ईआय कोअरच्या (चौकोनी पत्र्यांच्या गाभ्याच्या) डब्यात तो इतका असतो की एक्स्ट्रॅक्टरला वाटते, यंत्र चालू झाले. मग तो बंदच होत नाही. टोरॉइडल (कड्यासारख्या गोल) कोअरमध्ये हा करंट बराच कमी, तिथे जमण्याची शक्यता जास्त. पण टोरॉइडल चालू होताना एकदम मोठा झटका खातो आणि बी-कर्व्हचा एमसीबी पडतो. असा झटका सहन करणारा सी-कर्व्ह बसवा. त्यापेक्षा सोपे, एक्स्ट्रॅक्टर चालू-बंद करणारे ब्लूटूथ बटण होजला बांधा.

ट्रान्सफॉर्मर बनवून घेताना दुकानदाराला चार गोष्टी सांगा: तांब्याचे वाइंडिंग, सतत चालण्याचा केव्हीए (डब्यावर बहुतेक वेळा पीक लिहितात), आयसोलेशनचा प्रकार (आतले आणि बाहेरचे वाइंडिंग एकमेकांपासून वेगळे), आणि बाहेर ११५ ते १२० व्होल्ट. न सांगितल्यास ११० चा देतात, त्यात राऊटरचा जोर जाणवण्याइतका कमी होतो.

ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त आणि हलका, पण त्यात आतला सामाईक वाइंडिंगचा भाग तुटला तर पूर्ण २३० थेट यंत्रावर येतो. डोमिनोची किंमत पाहता तो धोका घेऊ नका. आयसोलेशनचा तीन केव्हीए पंचवीस-तीस किलो भरतो. कोणी दहा किलोचा दाखवला तर तो तीन केव्हीए नव्हे.

इथल्या लाइनचेही गणित करा. २३०:१२० चा ट्रान्सफॉर्मर रात्री २५० आले तर १३० देईल, उन्हाळ्यात दुपारी १९० ला घसरले तर ९९. पहिले बाधत नाही. दुसऱ्यात राऊटर दाबून चालवला की आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) तापते, म्हणून आधी स्टॅबिलायझर.

२. सॉस्टॉप. पाते पाच मिलिसेकंदांत थांबवणारी यंत्रणा त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सवर अवलंबून आहे, आणि पाटीवर ६० हर्ट्झ आहे. साधी इंडक्शन मोटर ५० वर थंड चालवायची तर १२० ऐवजी १०० व्होल्ट देतात, म्हणजे १०० भागिले ५० पुन्हा २, गणित जुळते. सॉस्टॉपला तसे करता येत नाही, कारण त्याच लाइनवर कार्डही बसले आहे. व्हीएफडी (फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावायची कल्पनाही सोडा. सुरक्षेच्या यंत्रावर असले प्रयोग करायचे नसतात.

---

रंधा_आणि_पटाशी

सॉस्टॉपबद्दल एक व्यावहारिक भर. ब्रेक कार्ट्रिज एकदा उडाला की गेला, पातेही बहुतेक जाते. ओल्या लाकडाने किंवा खिळ्याने तो उडू शकतो, आणि आपल्याकडे जुन्या दाराच्या सागात खिळे सापडणे रोजचे. शिवाय तिकडच्या १० इंची पात्याचे भोक ५/८ इंच, इथल्या पात्यांचे २५.४ किंवा ३० मिमी. म्हणजे पातेही मागवायचे, कार्ट्रिजही मागवायचे. विका.

२०० फुटांत तुम्हाला टेबल सॉ खरेच लागतो का, हेही विचारा. ८ बाय ४ चा प्लाय ट्रॅक सॉनेच नीट फाटतो: दोन १४०० चे रेल जोडले की २८०० होतात, २४४० चा काप आरामात. जोडताना दोन्ही रेलच्या पाठीला सरळ पट्टी लावून मगच कनेक्टरचे स्क्रू आवळा. अर्धा मिमी वाकडे राहिले तर कपाटाच्या दाराची फट वरून खाली पाचर होते.

डॅडो पात्यांचा (रुंद खाच पाडणाऱ्या जोड-पात्यांचा) संच असेल तर तोही तिकडेच काढा. इथल्या बहुतेक टेबल सॉचा आर्बर (पाते बसते तो दांडा) आखूड असतो, संच बसत नाही. खाच राऊटरने मारा.

---

लोखंडी_बूड

बँड सॉबद्दल कोणी बोललेच नाही. तो आणा. वजन आहे म्हणून लोक घाबरतात, पण बँड सॉमध्ये पैसे चाकांत, फ्रेममध्ये आणि टेबलच्या बिडात असतात. मोटर ही बदलायची वस्तू आहे.

मोटर इथली घ्या: दोन एचपी, सिंगल फेज, १४४० आरपीएम. पण ती उचलून तशीच बसेल असे समजू नका. अमेरिकन मोटर बहुधा नेमा ५६ (तिकडचे प्रमाणित माप) फ्रेमची: शाफ्ट ५/८ इंच म्हणजे १५.८८ मिमी, पायांच्या भोकांचे अंतर १२४ बाय ७६ मिमी, शाफ्टची उंची ८८.९. इथली दोन एचपी चार पोल ९०एल फ्रेममध्ये: शाफ्ट २४ मिमी, भोके १४० बाय १२५, उंची ९०. उंची सव्वा मिमीच्या आत जुळते, म्हणजे बेल्टच्या ताणात सामावून जाते. भोके जुळत नाहीत, त्यासाठी ८ मिमीची लोखंडी प्लेट मध्ये घाला, जुन्या आणि नव्या दोन्ही भोकांची.

पुली ही खरी कटकट. १५.८८ चे भोक २४ चे करायचे तर बोअर आणि की-वेनंतर हबची भिंत किती उरते ते आधी मोजा. पातळ उरत असेल तर त्याच व्यासाची, त्याच बेल्टची नवी पुली टर्नरकडून करून घ्या. तुमच्या सॉला पॉली-व्ही बेल्ट असेल तर जुनी पुली नमुना म्हणून सोबत न्या, खाचांमधले अंतर तोंडी सांगून होत नाही.

वेग १७२५ चा १४४० झाला म्हणून पुली मोठी करू नका. पात्याचा वेग साधारण सोळा टक्के कमी होतो, सागाला तो उलट सोयीचा. सागात सिलिका असते, पात्याची धार ती खातेच. वेग कमी असला तर पाते कमी तापते. आणि पाती तिकडून आणू नका. इथे गुंडाळीतून हव्या लांबीचे कापून वेल्ड करून देतात.

---

भुसाभुस

@लोखंडी_बूड, थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी का नको? सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर, हवे तर ६० हर्ट्झही काढता येतात आणि वेग कमीजास्त करता येतो.

---

वाइंडिंगवाला

लोखंडी_बूड यांच्या आधी मीच उत्तर देतो, कारण हा घोटाळा नेहमीचा. २३० व्होल्टच्या सिंगल फेज व्हीएफडीतून बाहेर थ्री फेज निघतात ते २३० व्होल्टचे. इथल्या दोन एचपीपर्यंतच्या थ्री फेज मोटरी बहुतेक आतूनच स्टारमध्ये बांधलेल्या, ४१५ व्होल्टच्या, आणि बाहेर तीनच तारा. ती तशीच जोडली तर फिरते, पण जोर जवळजवळ तिसरा हिस्साच मिळतो. चार इंची साग दिला की थांबली. वाइंडिंगच्या दुकानात स्टारचा सांधा उघडून सहा तारा बाहेर काढून घ्या आणि डेल्टात जोडा, मग २३० वर पूर्ण जोर. करायला हरकत नाही. पण बँड सॉला वेग बदलायची गरज वर्षात किती वेळा पडते?

---

लोखंडी_बूड

पटले. साधी सिंगल फेजच ठेवा.

पॅकिंगचे तेवढे सांगतो. बिडाच्या टेबलावर मेणाचा जाड थर, वर व्हीसीआय (गंज रोखणारा) कागद, मग प्लॅस्टिक. नुसते प्लॅस्टिक गुंडाळले तर समुद्रात रात्री गारव्याने आत पाणी सुटते आणि न्हावा शेव्याला उघडताना टेबल तांबूस दिसते. टेबल काढून वेगळे भरा, ट्रनियनवर (टेबल तिरके करायच्या आधारावर) ठेवून पाठवले तर एका धक्क्यात ट्रनियन तडकतो.

खोके घरी बनवणार असाल तर पाइनच्या फळ्या-बॅटन वापरू नका. अख्ख्या लाकडाच्या पॅकिंगला आयएसपीएम १५ (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का लागतो, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस ३० मिनिटे दिलेले असावे लागते. शिक्का नसेल तर बंदरात अडकते. प्लायवूडला यातून सूट आहे. पूर्ण खोके प्लायचे करा, कोपऱ्याच्या पट्ट्यासुद्धा. इथे आल्यावर त्याच प्लायची जिग होतील.

---

सागवानी_मन

मग यादी अशी झाली. आणायचे: डोमिनो, सँडर, राऊटर, रेल, २७ मिमीचा होज, बँड सॉ (मोटर काढून). विकायचे: ट्रॅक सॉ, एक्स्ट्रॅक्टर, सॉस्टॉप, प्लेनर. ट्रान्सफॉर्मर दोन केव्हीए आयसोलेशन, ११५ ते १२० व्होल्ट. बॅटरीवाल्या मकिताचे राहिले.

---

रंधा_आणि_पटाशी

दोन केव्हीए बरोबर. बँड सॉच्या मोटरच्या जागी वजन म्हणून काही भरू नका, फ्रेम आडवी ठेवू नका, बस.

मकिता आणा. बॅटरी तीच १८ व्होल्टची, फक्त चार्जर २३० चा इथे घ्या. तिकडचा चार्जर आणूच नका, कारण पुढच्या प्रतिसादात कोणीतरी सांगेलच.

बॅटऱ्या कंटेनरमध्ये न टाकता हातातल्या सामानात. १८ व्होल्ट गुणिले ५ अँपियर-तास म्हणजे ९० वॅट-तास, १०० च्या आत, सहसा अडचण येत नाही. ६ अँपियर-तासाची १०८ होते. १०० ते १६० मधल्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या परवानगीने दोनच. टोकांना टेप लावा. ड्रिल मात्र चेक-इनमध्ये, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

---

वाइंडिंगवाला

तो 'कोणीतरी' मीच. आपल्या भिंतीवरच्या मल्टी-पिन सॉकेटमध्ये अमेरिकन चपट्या पिना सहज बसतात. कोणीतरी मदत म्हणून तुमचा डोमिनो किंवा तो चार्जर उचलून सरळ भिंतीत खुपसणार, हे धरून चाला. १२० च्या यंत्राला २३० मिळाले की आधी कार्ड जाते, मग आर्मेचर. दुरुस्तीला आर्मेचर, फील्ड (मोटरचे स्थिर वाइंडिंग) आणि कार्ड तिन्ही घ्यावी लागतात.

म्हणून पहिल्याच दिवशी, यंत्र खोक्यातून काढायच्या आधी, सगळ्या १२० च्या वायरींचे प्लग कापा. त्या जागी १६ अँपियरचे पिवळे इंडस्ट्रियल प्लग लावा आणि ट्रान्सफॉर्मरवर पिवळे सॉकेट. पिवळा रंग ११० च्या गटाचा, निळा २३० चा, आणि एक दुसऱ्यात शिरतच नाही. फेस्टूलची वायर यंत्रापासून सुटी होते, म्हणून तिन्ही यंत्रांना मिळून एकच पिवळी वायर पुरेल. बाकीच्या वायरी घरात ठेवूच नका.